दाढ काढली तरी कळ जात नाही

प्रश्न: माझ्या आईचं वय ६१. उजवीकडे खालच्या दाढेत करंट लागल्यासारखी कळ येते, दोन-चार सेकंदच राहते पण दिवसातून खूपदा. आधी रूट कॅनल केलं, मग ती दाढ काढलीच, तरी तेच. आता शेजारची काढू म्हणतायत. ब्रश करायला, तोंड धुवायलाही घाबरते ती. काढावी का?

उत्तर: ताई, आत्ता लगेच काढू नका. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला दाढेपेक्षा नसेचा संशय जास्त येतोय. चेहऱ्याची आणि दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल, त्यामुळे नसेतच बिघाड असला तरी पेशंटला शपथेवर वाटतं की दाढच दुखतेय, आणि आपण दाढा काढत बसतो. ह्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. बहुतेक वेळा पन्नाशीनंतर सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, झटका क्षणभर ते फार तर २ मिनिटं, आणि ब्रश, घास चावणं, बोलणं, गालाला नुसता वारा लागला तरी येतो. किडलेल्या दाढेचं वेगळं असतं, ती गरम-गार लागलं की ठणकते आणि ठणकतच राहते, ठोकून बघितलं की दुखते, बहुतेकदा एक्सरेत सापडते.

तेव्हा आधी नवा एक्सरे दुसऱ्या डेंटिस्टना दाखवा, दाढेत खरंच काही नसेल तर न्यूरोलॉजिस्ट गाठा. ते एमआरआय सांगतील, कारण बऱ्याच जणांत एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबत असते, क्वचित गाठही निघते. साध्या पेनकिलरने हे थांबत नाही. कार्बामाझेपिन नावाची, मूळची फिट्सची गोळी चांगली लागू पडते, पण ती डॉक्टरच कमी डोसपासून हळूहळू वाढवतात, चक्कर येते, झोप येते, सोडियम कमी होऊ शकतं म्हणून रक्त तपासावं लागतं, आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. गोळीने भागलं नाही तर ऑपरेशनही आहे.

बाकी वाचकांसाठी, मायग्रेनही कधीकधी वरच्या जबड्यात उतरतो, सोबत मळमळ, उजेड नको वाटतो. क्लस्टर डोकेदुखीत एकाच बाजूचा डोळा आणि वरच्या दाढा, १५ मिनिटं ते ३ तास भयंकर दुखतं, त्याच डोळ्यातून पाणी येतं, माणूस एका जागी बसू शकत नाही. आणि चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखून थांबलं की बरं वाटत असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं, आधी ईसीजी काढा, डेंटिस्ट नंतर.

आईंना तोवर कोमट, मऊ जेवण द्या, दुखऱ्या बाजूने चावायला लावू नका. झटके कधी, कशाने आणि किती वेळ येतात ते वहीत लिहून न्या, न्यूरोलॉजिस्टचं निदान मुख्यतः त्यावरच होतं.