व्हिप म्हणजे चाबूक ना? मग तो आमदारांवर ‘बजावतात’ कसा?

शंका रास्त आहे. बजावायची ती नोटीस, चाबूक तर ओढायचा असतो. घोळ असा की व्हिप हा माणूसही आहे आणि कागदही.

मूळ इंग्लंडातल्या कोल्ह्याच्या शिकारीत आहे. शिकारी कुत्र्यांच्या टोळक्यातल्या एखाद्याला मध्येच सशाचा वास येतो आणि तो भलतीकडे सुटतो. अशांना चाबकाच्या धाकाने परत टोळक्यात आणणारा स्वार म्हणजे ‘व्हिपर-इन’. मतदानाच्या वेळी पांगलेले खासदार हाकून आणणाऱ्यालाही अठराव्या शतकात हेच नाव चिकटलं, आणि पुढे त्याचं नुसतं ‘व्हिप’ झालं. श्रेय बहुतेक जण ब्रिटिश खासदार एडमंड बर्कच्या १७६९ च्या भाषणाला देतात, पण हे क्रियापद राजकीय अर्थाने १७४२ च्या एका पत्रातही सापडतं. या उपमेत खासदार कोण ठरले, ते तुम्हीच बघा.

हा माणूस आपल्या सदस्यांना कामकाजाचा जो कागद धाडतो, तोही व्हिपच. मतदान जितकं महत्त्वाचं तितक्या रेघा त्याखाली. तीन रेघा म्हणजे यायलाच हवं. आपल्याकडचा ‘थ्री लाइन व्हिप’ तिथलाच.

२०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी आपल्याच पक्षाच्या २१ खासदारांचा ‘व्हिप काढून घेतला’, त्यांत चर्चिलचा नातूही होता. ती बातमी वाचून मी क्षणभर चक्रावलो होतो: चाबूक काढून घेतला तर बरंच की! पण तिथे त्याचा अर्थ संसदीय पक्षातून बाहेर काढणं. खासदारकी मात्र शाबूत राहते.

आपल्याकडे ती जाऊ शकते. राज्यघटनेच्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, व्हिप हा शब्दच नाही, ‘पक्षाचा निर्देश’ आहे. तो मोडून मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रता. म्हणूनच शिवसेनेच्या फुटीत प्रतोद, म्हणजे मराठीतला व्हिप, ठाकरे गटाचे सुनील प्रभू की शिंदे गटाचे भरत गोगावले, यावर एवढं रण माजलं. प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा, त्याच्या आमदारांच्या विधिमंडळ गटाने नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितलं.

‘प्रतोद’ हा शब्द मला व्हिपपेक्षा आवडतो. प्रतोद म्हणजे सारथ्याच्या हातातला चाबूक. भीष्मपर्वात कृष्ण तोच घेऊन भीष्मांवर धावून जातो. म्हणजे इंग्रजीत जे कुत्रे होते, ते मराठीत येईपर्यंत रथाचे घोडे झाले. आमच्या आमदारांना तेवढी बढती भाषेनेच दिली.