वाद होत नाहीत, पण लाइन थांबली की बोट दुसऱ्याकडे

उत्पादन, गुणवत्ता आणि देखभाल या तिन्ही विभागांची माणसे घेऊन संघ केला, रोज सकाळी बैठक होते, वादही होत नाहीत; तरी लाइन थांबली की प्रत्येक जण दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवतो, ते का, असे आपण विचारले आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील माझ्या अनुभवावरून सांगतो, की यात वाद न होणे हीच मला अधिक काळजीची बाब वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यांत परिचयानंतर संघर्ष येतो आणि कामाच्या रीती त्यानंतर रुळतात. (त्यांनी अभ्यासलेले बरेचसे गट उपचारांसाठी जमलेले होते, त्यामुळे ते टप्पे वेळापत्रकासारखे वापरू नयेत.)

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि तंट्यांसाठी कुप्रसिद्ध होता व १९८२ मध्ये तो बंद पडला. टोयोटाच्या भागीदारीत १९८४ मध्ये तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते, कामगार संघटनाही तीच होती, आणि तरीही थोड्याच काळात तेथील गाड्यांचा दर्जा वाखाणला जाऊ लागला. अडचण दिसताच कोणत्याही कामगाराने लाइनलगतची, मदतीचा इशारा देणारी दोरी ओढावी, टीम लीडरने लगेच तेथे पोहोचून मदत करावी आणि तेवढ्यात दोष सुटला नाही तरच लाइन थांबावी, अशी तेथील रीत होती. माझ्या मते यातील महत्त्वाचा भाग दोरी नसून, ती ओढणाऱ्याला ओरडा न बसता मदत मिळत असे, हा आहे.

आपल्याकडे याची सुरुवात पाळी बदलताना करावी. लॉगबुकात ‘मशीन चालू, किरकोळ त्रास’ एवढेच लिहून पहिल्या पाळीचा ऑपरेटर निघून जातो आणि त्या किरकोळ त्रासाचे रिजेक्शन (नापास झालेले नग) पुढच्या पाळीच्या माथी बसते. त्याऐवजी दोन्ही ऑपरेटर आणि देखभालीचा फिटर यांनी दहा मिनिटे मशीनपाशी उभे राहून शेवटचा नग हातात घेऊन पाहावा आणि ‘या बाजूला बर येऊ लागला आहे, पिन तपासावी’ अशी नेमकी नोंद करावी (बर म्हणजे नगाच्या कडेला राहणारा खरखरीत जादा भाग). सुरुवातीला या दहा मिनिटांत आवाज चढतील. सुपरवायझरने तेथे थांबावे, पण ‘कोणामुळे झाले’ हा प्रश्न आधी न विचारता ‘काय दिसले’ हे विचारावे.

तेवढ्याने भागणार नाही, कारण उत्पादन विभागाचे मूल्यमापन नगांवर आणि गुणवत्ता विभागाचे रिजेक्शनवर होत असेल, तर सज्जन माणसेसुद्धा एकमेकांविरुद्ध उभी राहतात. विभागवार आकडे एकदम बंद करू नयेत, वरिष्ठांना ते लागतात; मात्र पहिल्याच फेरीत चांगले निघालेले नग किती, हा तिघांचा मिळून एकच आकडा फलकावर सर्वांत वर लिहावा आणि सकाळच्या बैठकीत आधी त्यावरच बोलावे.