खेळणाऱ्या मुलाला खेळू द्या

घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या ताईंकडून आणि पालकांकडून मोकळ्या खेळाबद्दल त्याच त्या शंका येत राहतात. त्यांतल्या काहींची ही उत्तरं.

सव्वादोन वर्षांची दोन मुलं शेजारी बसतात, पण एकमेकांशी खेळत नाहीत. एकलकोंडी होतील का?
नाही. या वयात मुलं अशीच शेजारी-शेजारी, पण आपापली खेळतात.

मेंदूच्या विकासासाठी कोणती खेळणी घ्यावीत?
खास अशी कोणतीच नाहीत. ‘बुद्धी वाढवणारं’ हे खोक्यावर छापलेलं असतं ते विक्रीसाठी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोर १६ऐवजी ४च खेळणी असताना लहान मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. रिकामे डबे, झाकणं, कापडाचे तुकडे पुरतात. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ तोंडात मावेल इतकी बारीक वस्तू नको. बटण सेल (बटणासारखा चपटा, गोल सेल) गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

‘नुसतं खेळवता, शिकवत काहीच नाही,’ असं पालक म्हणतात. म्हणून मी खेळताना मधूनमधून रंग, आकडे विचारते. बरोबर ना?
नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. दीड वर्षाचं मूल डब्यावर झाकण बसवतंय. उलटं ठेवतं, ते घसरतं, मग फिरवून बघतं. तेवढ्यात तुम्ही विचारता, ‘झाकण कुठल्या रंगाचं?’ हात थांबतो, नजर तुमच्याकडे वळते, झाकण सुटतं. ते जे स्वतः शोधत होतं, ते तिथेच राहिलं. दर दोन मिनिटांनी ‘शाबास’ म्हणणंही तसंच. मग मूल झाकणाकडे कमी आणि तुमच्या चेहऱ्याकडे जास्त बघू लागतं. जवळ बसा, लक्ष ठेवा, हात आवरा. मुलानं बोलावलं तर जरूर जा, भरपूर बोला. गोष्टी-गाण्यांना दिवसात वेगळी वेळ असतेच. आणि पालकांना घ्यायला यायच्या वेळेआधी अर्धा तास बोलवा; मूल काय करतंय ते त्यांना बघू द्या.

मूल सारखं पदराला धरून असतं. मोबाइल लावला की शांत बसतं.
ते शांत बसणं खेळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आधी दहा मिनिटं पूर्ण लक्ष द्या, मग त्याच खोलीत आपलं काम करा. महिनाभरात फरक नाही पडला तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

अडीच वर्षांचा मुलगा तासन्‌तास गाडीची चाकंच फिरवतो, हाकेला बघत नाही, दोन शब्द जोडत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात,’ असं शेजारी म्हणतात.
शेजाऱ्यांचं ऐकू नका. पत्रावरून निदान होत नाही, पण वाट बघण्यात महिने घालवणं चुकीचं आहे. श्रवणचाचणी आणि बालविकासतज्ज्ञांकडून तपासणी, दोन्हींची वेळ याच आठवड्यात घ्या. पाळणाघरातल्या ताईंना तो दिवसभर कसा खेळतो ते लिहून द्यायला सांगा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.