कंडोम मागायला गेले आणि डोकेदुखीची गोळी घेऊन आले

प्रश्न: ताई, मी 23 वर्षांची आहे, बॉयफ्रेंडसोबत संबंध आहेत. त्याला लाज वाटते म्हणून कंडोम तूच आण म्हणतो. मी मेडिकलमध्ये गेले, काउंटरला दोन माणसं उभी होती, तोंड उघडलं आणि चक्क डोकेदुखीची गोळी मागितली. आता मैत्रीण म्हणते एचआयव्हीचा व्हायरस इतका बारीक असतो की रबरातून आरपार जातो. मग हा खटाटोप कशाला?

उत्तर: अगं, अशी गोळी घेऊन परत येणारी तू एकटी नाहीस. बाप्येसुद्धा आधी खोकल्याचं औषध मागतात, गर्दी हटली की मग हळूच बोट दाखवतात.

आधी मैत्रिणीचं. न फाटलेल्या लेटेक्समधून, म्हणजे नेहमीच्या कंडोमच्या रबरातून, एचआयव्ही पलीकडे जात नाही, लॅबमध्ये हे तपासून झालंय. मेंढीच्या आतड्यापासून बनवलेले कंडोम असतात त्यांना मात्र खरंच बारीक छिद्रं असतात, ते एचआयव्हीसाठी कामाचे नाहीत, बहुतेक तिने त्यांच्याबद्दलच काहीतरी अर्धवट ऐकलं असणार. बाकी गडबड होते ती आपल्याच हातून, म्हणजे तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली की लेटेक्स कमकुवत होतं, पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवला की खराब होतो, आणि एकावर एक दोन घालायचे नाहीत.

आता तुझ्या लाजेचं. खरं सांगू, मला यात तुझी चूक दिसतच नाही. कपाटात माल आहे पण मागताना चार जणं बघणार असतील तर तो तुझ्यासाठी नसल्यासारखाच ना? कितीतरी देशांत पोलिसांनी बायकांच्या पर्समधले कंडोम धंद्याचा पुरावा म्हणून धरलेत, मग त्या बायका जवळ ठेवायलाच घाबरतात. बऱ्याच जेलमध्ये तर कंडोम देतच नाहीत, जणू तिथे कुणाचे संबंधच होत नाहीत. बायकांनी स्वतः आत बसवायचा कंडोम नव्वदच्या दशकापासून बाजारात आहे, पण तो महाग आणि सहज सापडत नाही.

याउलट थायलंडने 1991 मध्ये देशभर नियम केला, वेश्यालयात कंडोम नाही तर सेक्स नाही. फुकट पुरवठा तर केलाच, पण नियम मोडला तर कारवाई मालकावर, बाईवर नाही. 1989 ला तिथे वापर होता सुमारे 14 टक्के, चारेक वर्षांत 90 च्या वर गेला. गिऱ्हाईकाशी भांडायचं ओझं एकट्या बाईच्या डोक्यावरून उतरलं, मला वाटतं खरी मेख तिथेच आहे.

म्हणून बॉयफ्रेंडला स्पष्ट सांग, लाज दोघांनाही वाटते तर आणायची पाळीही दोघांची. ऑनलाइन मागव, नाहीतर कुणाला न विचारता उचलता येतील असा डबा ठेवलेलं सरकारी सेंटर असेल तर तिथून घे. दोघं एकदा एचआयव्ही टेस्टही करून या. आणि कधी फाटलाच, नि समोरच्याला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या विचारायच्या, 28 दिवस घ्याव्या लागतात, आणि जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं.