कानपूरला दोन दिवस हाताशी आहेत, कारखान्यांपलीकडे बघण्यासारखं काय आहे?

एक पूर्ण दिवस बिठूरला द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी भीतरगाव आणि परत येऊन संध्याकाळी शहर. कामानिमित्त कानपुरात राहतो, पाहुण्यांना मी हेच दाखवतो. बिठूर शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, गंगेकाठी. 1818 मध्ये राज्य गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी इथेच ठेवलं. नानासाहेब, तात्या टोपे, लहानपणीची मनू, सगळे इथेच वाढले. ब्रह्मावर्त घाट आणि लाल दगडाचा पत्थर घाट बघा, नावेतून जास्त छान दिसतात. फक्त शनिवारवाड्यासारखं काही असेल या आशेने जाऊ नका: नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी 1857 मध्ये उद्ध्वस्त केला, आता तिथे स्मारक आणि बाग आहे.

भीतरगावचं गुप्तकालीन विटांचं देऊळ मात्र चुकवू नका. साधारण पाचव्या शतकातलं, भिंतीवर भाजक्या मातीची काही शिल्पं अजून टिकून आहेत. तिकडे बसच्या भानगडीत न पडता गाडी करा.

शहरात:
- ऑल सोल्स मेमोरियल चर्च (1875), 1857 च्या मृतांच्या स्मरणार्थ
- जे. के. मंदिर, दिवे लागल्यावर
- प्राणिसंग्रहालय, मुलं सोबत असतील तरच

मे-जूनमध्ये येत असाल तर बेत पुढे ढकला. दुपारची लू सोसवत नाही.