पेशी वाढवायच्या माध्यमात (पोषक द्रवात) कॅल्शियम वाढवलं तर त्वचेच्या मूलपेशी एकमेकींशी जास्त ‘बोलतील’ का?

नाही. उलट त्या मूलपेशी राहणारच नाहीत. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कॅल्शियम एकत्र झाली आहेत: पेशीबाहेरचं आणि पेशीच्या आतलं.

पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं, आत जेमतेम १०० नॅनोमोलर. हा दहा हजार पटींचा फरक पेशी पंप चालवून टिकवते. निरोप जातो तो आतली पातळी क्षणभर उसळून परत बसते तेव्हा, आणि त्यातलं बरंचसं कॅल्शियम पेशीच्या आतल्याच साठ्यातून (आंतर्द्रव्य जालिकेतून) सुटतं. शेजारणीकडे वाट गॅप जंक्शनची: दोन्ही बाजूंना सहा-सहा कनेक्झिन प्रथिनांची नळी. तिच्यातून साधारण १००० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात, म्हणजे कॅल्शियमही आणि साठा उघडणारा आयपी-३ हा छोटा निरोप्या रेणूसुद्धा.

येल विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये जिवंत उंदराच्या त्वचेत हे पाहिलं. तळथरातल्या, म्हणजे मूलपेशींच्या थरातल्या, हजारो पेशींच्या कॅल्शियमच्या लुकलुकण्यात समन्वय दिसला. सुरुवात व्हायला जी-२ टप्प्यातल्या, म्हणजे डीएनए दुप्पट करून विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबलेल्या पेशी लागतात. कनेक्झिन-४३ हा समन्वय दूरवर नेतं. मला यातला सगळ्यात रोचक भाग उलटा धागा वाटतो: हेच संकेत पेशीचक्र पुढे ढकलतात.

आता तुमच्या प्लेटबद्दल. केराटिनोसाइट्स (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी) वाढत ठेवायच्या तर माध्यमात कॅल्शियम ०.०५ मिलिमोलरच्या आसपास ठेवा. ०.१ च्या वर गेलात की उंदराच्या पेशी एकमेकींना चिकटू लागतात, विभाजन मंदावतं आणि त्या परिपक्वतेकडे वळतात. डीएमईएम या नेहमीच्या माध्यमातच १.८ असतं, तेव्हा ते बादच. बहुतेकांची फसगत होते ती सीरममुळे (माध्यमात घालतात त्या रक्तद्रवामुळे): बेस माध्यम कॅल्शियममुक्त घेतलं तरी १० टक्के सीरम एकटंच ही मर्यादा ओलांडतं. सीरम आधी कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या चेलेक्स रेझिनमधून गाळून घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली हे संकेत चित्रित करताना लेझरची ताकद कमीत कमी ठेवा. भाजलेली पेशी एटीपी (पेशीचा ऊर्जा-रेणू) सांडते आणि शेजारच्या पेशींत खरीखुरी लाट उठते, फक्त ती तुम्ही उठवलेली असते. दरवेळी एकाच बिंदूभोवती वर्तुळ पसरताना दिसलं तर आधी हाच संशय घ्या. मिनिटाला एक फ्रेम पुरत नाही. मधल्या उसळ्या निसटतात, आणि कोणती पेशी आधी चमकली हे कळतच नाही. गॅप जंक्शन बंद करायला कार्बेनोक्झोलोन या एकट्या औषधावर विसंबू नका, ते इतरही वाहिन्या अडवतं. कनेक्झिन-४३ चं जनुक काढलेल्या पेशी शेजारी ठेवून तुलना करा.