लेक म्हणते पुरातत्त्व शिकणार, ह्यांना कसं सांगू?

*ताई, मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय बॉटनी. मार्क चांगले. एमएस्सी कर नाहीतर एमबीए, असं आमचं चाललं होतं, तर ही म्हणते येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए करणार. फॉर्मही भरला, पैसे माझ्याकडून घेतले. ह्यांना अजून पत्ता नाही. सासूबाई तर म्हणतील, मातीत हात घालणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? आणि खड्डेच खणायचे तर बॉटनीची तीन वर्षं पाण्यातच गेली ना? पुढे नोकरी मिळते का? मी पाठीशी उभी राहू की आडवी येऊ?*
*– एक आई, धनकवडी*

आधी बॉटनीचं बोलू, कारण तिथे तुम्ही उगाच जीव जाळताय.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर डेक्कन कॉलेजानं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्याची पेवं निघाली. ती माणसं सातू पिकवायची, मसूर-कुळीथ खायची, हे कळलं ते जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून. असे दाणे मिळवायची एक सोपी रीत आहे. चुलीजवळची किंवा पेवाच्या तळाची माती पाण्यात सोडून हलक्या हातानं ढवळतात. जळका दाणा वर तरंगतो. तो बारीक चाळणीत धरायचा, सावलीत वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली घेऊन ठरवायचं, हा गहू की सातू. हे काम इतिहासाच्या बीएवाल्यापेक्षा तुमच्या लेकीला लवकर जमेल. लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत तर प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांवर संशोधन चालतं. तीन वर्षं पाण्यात गेली असं म्हणायचं कारण नाही.

आता नोकरी. जागा कमी आहेत, हे खरं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातली वरची पदं यूपीएससीमार्फत भरली जातात आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, संग्रहालयं आहेत, कॉलेजात शिकवणं आहे. सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला प्रकल्पापुरतं कंत्राटी काम येतं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले. तेव्हा नोंदी, नकाशे, जतन यांची कामं वाढायला हवीत. पण काम आहे म्हणून पदं भरली जातात असं नाही, हे कुठल्याही सरकारी खात्यातल्या माणसाला विचारा.

मला त्यातल्या त्यात भरवशाची वाट दिसते ती नेटची, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी द्यावी लागणाऱ्या पात्रता परीक्षेची. त्यात पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. एमएला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). परीक्षेत वर येऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली, तर पीएचडी करताना दरमहा ३७ हजार मिळतात. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा ग्रेटर नोएडाला दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तोही एमएनंतर करता येतो. आणि हे काहीच जमलं नाही तरी बीएस्सी कुठे जात नाही. बीएड करून शाळेत विज्ञान शिकवता येईल.

लेकीला मात्र एक गोष्ट करायला सांगा. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या मुलींना गाठून सिलॅबस नाही, उत्खननाच्या कॅम्पवरचा दिवस कसा जातो ते विचारायचं. तंबूत राहायचं, थंडीत पहाटे उठायचं, आणि पाट्याच्या पाट्या खापरं निघाली की ती ब्रशनं धुवायची, वाळवायची आणि एकेकावर बारीक अक्षरात ठिकाण, खंदक, थर लिहायचा. सोनंनाणं सापडेल या आशेनं आलेल्याचा इथेच हिरमोड होतो. तिला हे ऐकून कंटाळा आला तर तो आत्ताच आलेला बरा.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पैसे तुम्ही दिले आणि यजमानांना माहीत नाही. उद्या प्रवेश मिळाला की पुरातत्त्व बाजूलाच राहील, भांडण होईल ते लपवल्याचं. त्यात लेक चुकीची ठरेल आणि तुम्हीही. या रविवारी सांगून टाका. पैसे मी दिले, एवढंच तुम्ही बोला, बाकीचं तिला बोलू दे. तिची वकिली करू नका. ते आकडे विचारतील, विचारायलाच हवेत. तेव्हा फी किती, नेटला कधी बसणार, किती वेळा बसणार आणि नाही जमलं तर काय, हे तिनं आधी कागदावर लिहून काढावं. तिला ते लिहिता आलं तर पाठीशी उभ्या राहा. नाही आलं, तर आडवं यायची गरज नाही, तिला आठवडाभर वेळ द्या.

आणि सासूबाई अजून काही बोललेल्याच नाहीत हो, त्यांच्या वतीनं तुम्हीच बोललात! त्या गावाकडच्या असतील तर नातीलाच त्यांच्याजवळ बसवा. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, टाकायला पांढरी माती कुठून आणायचे, त्यात खापरं, मणी निघायचे का, हे तिला विचारू दे. तिला अभ्यासाला उपयोग होईल आणि लग्नाचा विषय निदान एक दुपार तरी मागे पडेल.